कच्च्या मांडणीतला माणूस

१

पिंपरीच्या त्या कारखान्यात जोडे बाहेर काढून आत जायची जागा एकच होती, आणि ती काही देवाची नव्हती. कॉम्प्युटर रूमच्या दाराशी लाकडी रॅक होता, त्यात चपला ठेवायच्या आणि गार फरशीवर अनवाणी चालत आत जायचं. साल एकोणीसशे एक्क्याऐंशी. मशीन येऊन बरेच दिवस झाले होते, तरी शॉपमधली माणसं येता-जाता काचेला नाक लावून बघायची. जे यंत्र तापत नाही, धूर सोडत नाही, ते काम तरी काय करतं, हा त्यांचा प्रश्न. तसा तो वाजवीच होता.

भीमराज ओव्हाळ त्या काचेच्या आत बसायचा. बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात कोर्स करून तो प्रोग्रॅमर झाला होता. त्याचे वडील साहेबराव मागच्या फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे लोखंड तापवून ठोकायच्या खात्यात, सात नंबरच्या हॅमरवर. बाप भट्टीपाशी घामानं निथळणार आणि लेक शेजारच्याच इमारतीत स्वेटर घालून बसणार, यावरून रहाटणीच्या त्यांच्या घरात रोज चेष्टा चालायची. करणारे अर्थातच साहेबराव. पोरगा स्वेटर घालतो याचा त्यांना एवढा अभिमान होता की तो झाकायला चेष्टेशिवाय दुसरं काही सापडत नव्हतं.

हॅमरचे दणके जमिनीतून कॉम्प्युटर रूमपर्यंत यायचे. इतरांना तो नुसता थरथराट वाटे. भीमराजच्या तळव्यांना मात्र त्यातला सात नंबर बरोबर कळायचा. दोन हलके, एक भारी. लाल लोखंड साच्यात नीट बसलंय का ते दोन हलक्या ठोक्यांत बघायचं आणि मग पायडलवर पुरता पाय द्यायचा, ही साहेबरावांची जुनी खोड. तोच ठेका त्यांच्या हातालाही लागला होता. जेवण वाढेपर्यंत ताटाच्या काठावर तोच, कामावरून आल्यावर दारावर तोच. आतून कुणी सवयीनं "कोण?" म्हणून विचारलं की बाहेरून ठरलेलं उत्तर यायचं, "तुझा बाप!" मग स्वतःच हसत आत यायचे.

त्या आठवड्यात हिंदुराव साहेबांनी, म्हणजे कॉम्प्युटर खात्याच्या मॅनेजरनी, भीमराजला एक काम दिलं. सात नंबरचा हॅमर काढून तिथं नवीन प्रेस बसवायचा होता. शॉपची मांडणी त्यामुळं कशी बदलेल, ते शनिवारी मोठ्या साहेबांना मशीनवर दाखवायचं.

काम सोपं होतं. भीमराजनं एक अ‍ॅरे बांधला. अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली ओळीनं मांडलेले खण. दर हॅमरला एक खण, आणि खणात त्या हॅमरवरचा माणूस: त्याचं नाव, त्याचं वय, चिमटा तो उजव्या हातात धरतो की डाव्या. या अ‍ॅरेला त्यानं नाव दिलं 'पक्का'. मग खेळून बघायला दुसरं नाव घेतलं, 'कच्चा', आणि एका ओळीत मशीनला सांगून टाकलं की कच्चा बरोबर पक्का. झाली कॉपी. आता कच्च्यात वाटेल ती उलथापालथ करा, पक्क्याला धक्का नाही, असं त्याला वाटलं.

एकोणीस नंबरचा माणूस रिटायर होऊन ती जागा मोकळी होती. परक्याच्या नावाशी खेळायला भीमराजला अवघड वाटलं असतं. बापाला हलवायला कुणाची परवानगी कशाला? त्यानं कच्च्यात साहेबरावांना सातवरून उचललं आणि एकोणीसवर ठेवलं.

जेवणाची सुट्टी संपली, हॅमर पुन्हा सुरू झाले. दोन हलके, एक भारी. भीमराजनं पाय उचलून पुन्हा टेकवला. ठेका तोच होता. येत मात्र तो भलत्याच बाजूनं होता, भिंतीपलीकडच्या दूरच्या कोपऱ्यातून.

२

"आज एकोणीसवर होतो," साहेबरावांनी संध्याकाळी हातपाय धुताना आपणहून सांगितलं.

कुणी पाठवलं, असं भीमराजनं विचारलं. कुणी न्हाई, म्हणाले. डबा खाऊन उठलो आणि पाय तिकडंच गेलं. फोरमन काही बोलला नाही का, तर त्यावर साहेबराव पंच्यानं कान पुसत राहिले. "त्यो काय बोलतोय. मी पहिल्यापासनं तिथंच हाय असंच समद्यास्नी वाटत हुतं. मलाबी वाटलं."

भीमराजनं स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला समजूत घालायला फार सामान लागत नाही. हॅमर काढायची बातमी शॉपमध्ये फुटली असेल, फोरमननं तोंडातल्या तोंडात काही म्हटलं असेल, आपल्या आबांना आताशा ऐकू कमी येतं. तरी सकाळी मशीनवर बसल्याबसल्या त्यानं पहिलं काम केलं ते बापाला सातवर परत आणायचं. ठेका सातवर आला. आता हा योगायोगच, हे सिद्ध करायला आणखी एकदा करून बघणं भाग होतं. त्यानं कच्च्यात साहेबरावांच्या हाताच्या जागी उजवा होता तो डावा केला. हात बदलणं कुणाच्या सांगण्यावर होत नाही, फोरमनच्या तर नाहीच.

दिवसभर त्याचं कशात लक्ष लागलं नाही. सायकल हाणत तो पूल ओलांडून घरी आला तेव्हा साहेबराव पाटावर बसलेले होते. आईनं, गिरजाबाईंनी, भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. साहेबरावांनी डावा हात पुढं केला, भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. इतक्या सहज, की जन्मभर तसंच जेवत आल्यासारखे. उजवा हात गुडघ्यावर पडून होता.

गिरजाबाईंचं थापणं थांबलं. "आवं, ह्ये काय?" त्या म्हणाल्या.

साहेबरावांनी हाताकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं, आणि काय चुकलं ते त्यांना कळेना. भीमराजला भीती वाटली, अगदी लहानपणी ओढ्यात पाय घसरल्यावर वाटली होती तशी.

३

युसुफ अत्तार हा मशीनचा ऑपरेटर. खात्यात सगळ्यात जुना, मशीनचे लाड तोच करायचा. भीमराजनं त्याला घरचं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? कच्च्यात बदललेलं पक्क्यात दिसतंय, एवढंच दाखवलं.

युसुफ हसला. त्याचं म्हणणं असं पडलं, की भीमराजनं कॉपी केलेलीच नव्हती. एका घराच्या दाराला दुसरी पाटी ठोकली म्हणून घरं दोन होत नाहीत. या पाटीवरून आत गेलास काय, त्या पाटीवरून गेलास काय, चूल एकच. "कच्चा, पक्का ही तुझी नावं आहेत, भावा. मशीनच्या लेखी एकच ओळ आहे."

मग भीमराजनं नवीन, रिकामा अ‍ॅरे घेतला आणि एकेक खण पक्क्यातून कच्च्यात उतरवला. बापाचा हात कच्च्यात उजवा करून बघितला. पक्क्यातही उजवा झाला. ते एका अर्थी बरंच झालं, आबा सुधारले. पण कॉपी अजून झाली नव्हती.

युसुफनं यावेळी डोकं खाजवलं आणि मग त्याच्या लक्षात आलं. खणात माणूस नसतोच. खणात असतो त्याचा पत्ता, माहिती ठेवलेली असते दुसरीकडंच. भीमराजनं खण नवे केले, पण पत्ते जुनेच उतरवले. पत्ता दोनदा लिहून घेतला तरी त्या पत्त्यावर राहणारा एकच. खरी कॉपी हवी तर त्या पत्त्यावर जायचं, आत जे काही आहे ते सगळं बघायचं, आणि दुसऱ्या मोकळ्या जागेवर तसाच्या तसा माणूस नव्यानं उभा करायचा.

"तसाच्या तसा?" भीमराजनं विचारलं.

"तसाच्या तसा. मग याला मारलं तर त्याला लागणार नाही," युसुफ म्हणाला, आणि आपल्या डब्याकडं वळला.

एसीचा आवाज एकसारखा चालू होता. भीमराज स्वेटरच्या बाह्या ओढत बसून राहिला. त्याला वाटलं, हे सोडून द्यावं, आजारी आहे म्हणून सांगावं आणि पुसून टाकावं सगळं. पण पुसायचं म्हणजे काय पुसायचं, आणि पुसलं तर काय होईल, हेच आता त्याला खात्रीनं सांगता येत नव्हतं.

४

शुक्रवारी हिंदुराव साहेब स्वतः येऊन पाठीमागं उभे राहिले. चांगला माणूस होता, फक्त घाई फार. शनिवारी दाखवताना सातचा खण रिकामा करून दाखवा, म्हणाले. तिथल्या माणसाच्या जागी सरळ शून्य टाका, त्याचं काय करायचं ते नंतर बघू. सातला कोण आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि भीमराजच्या तोंडून ते निघालं नाही.

शून्य. फक्त जागा बदलली तर पाय आपोआप चालले, एक अक्षर बदललं तर हात बदलला. मग शून्यानं काय होईल? याचा विचार करताना त्याचे तळवे फरशीला चिकटून होते आणि त्यातून बापाचा ठेका वर येत होता, दोन हलके, एक भारी, दोन हलके, एक भारी. हे थांबायला नको, एवढंच त्याला कळत होतं.

म्हणून त्यानं खरी कॉपी केली. साऱ्या शॉपची नाही, इतरांना हात लावायची त्याची छाती झाली नाही. फक्त बापाची. मोकळी जागा मागून घेतली, जुन्या पत्त्यावरचं एकेक उचलून नव्या जागेवर ठेवलं. नाव. वय. हात. आणि तो नवा पत्ता कच्च्याच्या सात नंबरच्या खणात टाकला. मग दोघांत गोंधळ नको म्हणून खूण केली: कच्च्यातल्या साहेबरावांचा हात डावा. पक्क्यात बघितलं. उजवा. तसाच, न हललेला उजवा.

त्याला इतका आनंद झाला की त्यानं युसुफला चहा पाजला. आता कच्च्यात शून्य टाका नाहीतर काहीही टाका, आबांच्या केसाला धक्का लागणार नव्हता.

चहा घेऊन तो परत आला, चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि उभा राहिला. फरशीतून दोन हलके, एक भारी येत होते. त्यांच्या मागोमाग, ते विरायच्या आत, आणखी दोन हलके आणि एक भारी. दोन्ही सातच्याच बाजूनं. एकाच पायडलवर दोन माणसं पाळीपाळीनं पाय देत असावीत तसे.

शून्य टाकायला त्यानं बोट ठेवलं आणि ते दाबलं गेलं नाही. ठेका तर दोघांचाही बापाचाच होता. शेवटी त्यानं कच्च्यातल्या साहेबरावांना सातवरून काढलं आणि एकोणीसच्या मोकळ्या जागेवर नेऊन ठेवलं. दुसरा ठेका लगेच लांबच्या कोपऱ्यातून यायला लागला. आता तर दोघंही सुखरूप होते. साहेबांना काहीतरी कारण सांगता येईल.

घरी साहेबराव उजव्या हातानं जेवले. गिरजाबाईंनी त्यांच्या ताटाशेजारी आणखी एक ताट मांडलं होतं. कुणासाठी, असं भीमराजनं विचारल्यावर त्यांनी ताटाकडं बघितलं आणि उचलून परत मांडणीवर ठेवलं.

५

शनिवारी कारण सांगावंच लागलं नाही. कच्ची मांडणी बघून हिंदुराव साहेब खूश झाले. सातही मोकळा झाला आणि माणूसही मावला, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी मान डोलावली, दोघं बोलत बोलत बाहेर गेले आणि जाता जाता दारातून सांगून गेले, की हेच फायनल करून टाका.

भीमराज त्यांच्या मागं धावला. थोडा वेळ द्या, तपासायचं राहिलंय, असं काहीतरी तो म्हणाला असावा. साहेबांनी पाठीवर थाप मारली. तो वळून आत आला तेव्हा युसुफ टर्मिनलवरून उठत होता.

"झालं. पक्का बरोबर कच्चा. तुझीच एक ओळ, उलटी करून."

फरशीतून येणारे ठेके भीमराजनं मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. एकच येत होता, लांबच्या कोपऱ्यातून.

जुना पक्का कुठं गेला, असं त्यानं विचारलं. युसुफला त्यात काही विशेष वाटलं नाही. जाणार कुठं, आहे तिथंच आहे. पण आता त्याला कुठलं नाव नाही, कुणाकडं त्याचा पत्ता नाही. मशीन त्याला विचारणार नाही. जागा लागेल तसं त्याच्यावर दुसरं काहीबाही भरत जाईल.

"परत आण, युसुफभाई."

"कशावरून आणू? पत्ता तर हवा ना."

बाकीचे सगळे पत्ते दोन्हीकडं सारखेच होते, त्यामुळं कुणाचं काही हललं नव्हतं. हरवला होता तो एकटा सातवरचा. भीमराज चपला न घालताच शॉपमध्ये पळाला. सात नंबरचा हॅमर बंद होता, ऐरणीवर धूळ बसली होती. फोरमनला विचारलं तर तो म्हणाला, हा कधीचा बंद आहे. एकोणीसवर भट्टीच्या उजेडात साहेबराव पाठमोरे उभे होते. तीच वाकलेली मान, तोच पंचा. चिमटा डाव्या हातात. भीमराजनं हाक मारली नाही. त्यांनी वळून बघितलं तर आपण काय करू, हे त्याला माहीत नव्हतं.

६

उजेड होता तोवरच तो घरी पोचला. साहेबराव आधीच आले होते आणि पाटावर बसले होते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोनाड्यात पितळी तांब्या, चुलीपाशी गिरजाबाई, सगळं जिथल्या तिथं. साहेबरावांनी डाव्या हातानं भाकरी मोडली. लेकाकडं बघून हसले. हसणं तंतोतंत त्यांचंच होतं, आणि भीमराजला रडू आलं.

तेवढ्यात दार वाजलं. दोन हलके, एक भारी.

पाटावरच्या साहेबरावांनी मान वर केली नाही. ते जेवत राहिले. गिरजाबाई तव्यावरच्या भाकरीकडं बघत हळूच म्हणाल्या, "भीमा, दार उघड. ते आल्यात."

"आबा जेवतायत, आई."

"लगीन झाल्यापासनं ह्यो ठोका ऐकतीया मी," त्या म्हणाल्या. भाकरी करपायला लागली होती, तरी त्यांनी ती उलटली नाही.

भीमराज दारापाशी गेला. फळ्यांच्या खाली बोटभर फट होती, त्यातून अंगणातला उजेड आत येत होता आणि त्या उजेडात दोन पावलं दिसत होती. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, कधीतरी लोखंड पडून. मागं वळून बघायला नको होतं, पण त्यानं बघितलं. पाटावर दुमडलेल्या पायाच्या अंगठ्याचं नखही काळंच होतं. फटीतली पावलं मात्र कडांना नीट दिसत नव्हती. टाचेच्या जागी नुसतं अंगणच दिसत होतं.

पुन्हा दोन हलके, एक भारी. भारी ठोका मगाचच्यापेक्षा हलका होता.

भीमराजनं कडीवर हात ठेवला. काढायची होती, नक्की काढायची होती. पण त्याआधी जन्मभराच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कोण?"

बाहेर कुणीतरी श्वास घेतला. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेही ऐकू आलं. मग नुसताच श्वास, खूप वेळ, खिशात हात घालून हरवलेली वस्तू चाचपणाऱ्या माणसासारखा. शब्द काही आला नाही.

"तुझा बाप," पाठीमागून पाटावरून उत्तर आलं, आणि त्यामागोमाग हसणं.

बाहेर दोन हलके ठोके पडले. तिसऱ्याची वाट बघत भीमराज कडीवर हात ठेवून उभा राहिला.